रेंजपायी वर गेलो

बसा निवांत. चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत माझ्या हातून झालेला एक गाढवपणा सांगतो. हसायला हरकत नाही, पण कप सांभाळून हसा.

तर मंडळी, मी एकदा मेलो होतो. फार वेळ नाही, दुपारी साडेबारापासून चार वाजेपर्यंत. पण तेवढ्यात सहा माणसं पांढरे कपडे घालून माझ्या दारात आली, आणि मला स्वतःला त्यातलं काही माहीत नव्हतं.

आधी घर सांगतो. मी बबन. लोहगडवाडीत, गडाच्या अगदी पायथ्याला आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, पत्र्याची शेड, चार बाकडी आणि एक चूल. चूल माझी बायको सुमन सांभाळते. मी गिऱ्हाइकं सांभाळतो, म्हणजे गप्पा मारतो. पुण्या-मुंबईची पोरं गड चढायला येतात, ती आदल्या दिवशी फोन करतात, “काका, उद्या पंधरा जण येतोय, पिठलं-भाकरी ठेवा.” त्यामुळं आमचा धंदा चुलीवर जेवढा चालतो तेवढाच फोनवर चालतो.

आमचे दोन्ही फोन मोठ्या कंपनीचे होते. पोरगी पुण्यात नोकरीला आहे, तिनं घेऊन दिलेले. रिचार्ज महाग, पण चुलीपाशी बसून बोललं तरी पलीकडच्याला भाकरी थापल्याचा आवाज जायचा. मी मात्र तो रिचार्ज मारताना दरवेळी पैसे दोनदा मोजायचो.

अशात एक दिवस मी मळवलीला गेलतो. स्टेशनच्या बाहेर छत्री उभारून, टेबल टाकून दोन पोरं बसलेली. दुसऱ्या एका स्वस्तातल्या कंपनीची. नंबर तोच, कंपनी नवी, रिचार्ज निम्म्यात, वर एक टोपी फुकट. मी काय लगेच हुरळून जाणारा माणूस नाही. मी विचारलं, “आमच्याकडं गडाखाली चालतं का?”

“काका, संपूर्ण भारतात चालतं.”

मी त्याचा फोन हातात घेऊन रेंजच्या कांड्या बघितल्या. सगळ्या कांड्या उभ्या. मी स्टेशनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, तरी एक कांडी पडली नाही. माझी खात्री पटली. आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, राहतोस डोंगरात आणि रेंज तपासतोस स्टेशनवर? ते मला तेव्हा कुणी म्हणालं नाही ना. पोरगी म्हणाली होती फोनवर, “बाबा, आधी एकच बदलून बघा.” पण मी दोन्ही बदलले. दोन टोप्या मिळाल्या.

आठ दिवसांनी जुनी रेंज गेली आणि नवी आलीच नाही.

मी फोन घेऊन घरात फिरलो, अंगणात फिरलो, पत्र्यावर चढलो. सुमननं विचारलं, “काय शोधताय?” मी म्हणालो, “कंपनी.” शेवटी दोन जागा सापडल्या. एक गोठ्यामागचा दगड. तिथं एक कांडी यायची, ती पण वाऱ्यावर. दुसरी थेट गडावर. दुसरा दरवाजा ओलांडून वर गेलं, तटाला पाठ लावून बसलं, की फोन असा खणखणायचा की बस्स.

मग काय करता? रोज सकाळी नाष्टा झाला की मी गडावर जायला लागलो. तिथं बसून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, वहीत लिहायचे आणि दुपारी उतरायचं. कुणी मला शोधत आलं की सुमन सांगायची, “ते वर गेलेत.” वाडीत सगळ्यांना कळायचं कुठं ते.

आता या गोष्टीत हनीफ येतो.

हनीफ माझा शाळेपासूनचा दोस्त. आम्ही मळवलीच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या वडलांचं तेव्हा मळवलीला सायकलचं दुकान होतं. मी वाडीवरून पायी उतरायचो, खिंड ओलांडून, भाजे गावावरून, दीड तास. हनीफ दुकानाच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन माझी वाट बघत बसायचा. मी दिसलो की उठायचा. एवढ्या वर्षांत तो मला सोडून एकटा शाळेत गेल्याचं मला आठवत नाही. मला उशीर झाला की छड्या दोघांना.

पुढं मोबाइल आले. तेव्हा बोलायला केवढे पैसे पडायचे, तुम्हाला आठवत असेल. आमचं सगळं मिसकॉलवर चालायचं. एक रिंग म्हणजे मी मळवलीला पोचलो. दोन रिंगा म्हणजे तू ये. तीन म्हणजे असशील तसा ये. एकदा त्यानं तीन दिल्या, मी भाताचा चिखल पायाला तसाच ठेवून धावलो, तर गडी पुलावर दोन वडापाव घेऊन उभा. म्हणाला, “गरम हायेत म्हणून बोलावलं.”

मग बोलणं फुकट झालं. आणि गंमत बघा, फुकट झालं आणि आमचं बोलायचंच राहिलं. हनीफनं तळेगावजवळ इंदुरीला हार्डवेअरचं दुकान टाकलं, घरही तिकडं नेलं. मी हॉटेलात अडकलो. त्यात त्याची अम्मी गेली. त्या माउलीनं मला शाळेच्या दिवसांत किती वेळा जेवायला घातलंय, सांगता यायचं नाही. मला चार दिवसांनी कळलं. आता कोणत्या तोंडानं जाऊ, असं करत मी गेलो नाही. त्यानं फोन केला नाही, मी केला नाही. अशी सात-आठ वर्षं गेली.

तर मी कंपनी बदलली त्या महिन्यात हनीफच्या मुलीचं लग्न ठरलं. तो यादी लिहायला बसला आणि त्याला मी आठवलो. त्यानं फोन लावला. लागला नाही. तीन दिवस लावला. मी वर असायचो तेव्हा तो दुकानात गिऱ्हाइकांत, तो मोकळा व्हायचा तेव्हा मी खाली. शेवटी त्यानं आमच्याच वर्गातल्या सोपानकडून सुमनचा नंबर घेतला. सोपान मळवलीत राहतो, वर्गातल्या प्रत्येकाची खबर त्याच्याकडं असते.

सुमन गोठ्यामागं गोवऱ्या लावत होती. फोन दगडावर ठेवलेला. तो वाजला, म्हणजे ती एक कांडी त्या वेळी आली होती. पुढचं बोलणं दोघांनी मला नंतर स्वतंत्रपणे सांगितलं, आणि दोघांचंही म्हणणं की आमचं काही चुकलं नाही.

हनीफ म्हणाला, “वहिनी, हनीफ बोलतोय इंदुरीवरनं. बबन कुटाय?”

सुमन म्हणाली, “ते वर गेलेत.”

हनीफनं हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाला, “कवा?”

“आत्ता सकाळीच.”

“अवो, पण झालं काय?”

आणि सुमन तर कुणी तरी हे विचारायचीच वाट बघत होती. ती सुरू झाली, “काय हुयाचंय. स्वस्तातलं बघितलं, तितं घात झाला. पोरगी सांगत हुती, पयलं हुतं ते मोठंच बरं हाय. पर ह्यांनी ऐकलं का? पैशाकडं बघितलं, आन हे असं झालं.”

आता सांगा, इंदुरीत दुकानात बसलेल्या माणसानं काय समजायचं? त्याच्या डोळ्यापुढं एक स्वस्तातला दवाखाना आला आणि एक मोठा दवाखाना आला.

त्यानं कसंबसं विचारलं, “तुमी कशा हाय, वहिनी?”

“मला काय धाड भरलीय? सवय झाली आता. उलट घरात जरा शांत वाटतंय.”

तेवढ्यात वारा पडला, कांडी गेली, फोन बंद.

हनीफनं सोपानला फोन केला. म्हणाला, “बबन गेला. वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय.” सोपाननं वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. मी त्या ग्रुपवर आहे, पण झोपलेल्या माणसाला ग्रुप कुठला? एरवी मी बाराला उतरायचो, पण त्या दिवशी गडावरच एक ओळखीची टोळी भेटली, त्यांच्या डब्यात जेवलो आणि तिथंच तटाच्या सावलीत डोळा लागला. हनीफनं दुकान बंद केलं, गाडी काढली, मळवलीला सोपान आणि आणखी चौघं वर्गमित्र घेतले, आणि ते सगळे पांढऱ्या कपड्यांत, एक मोठा हार घेऊन आमच्या शेडपुढं उतरले.

सुमननं बघितलं, सहा माणसं माना खाली घालून बाकड्यावर बसलीत. तिला वाटलं, चढून दमलीत. ती म्हणाली, “ताटं लावू का?”

सोपान हळूच म्हणाला, “वहिनी, आज चूल कशापायी पेटवली?”

“मंग काय इझवून ठिवू? तेच सांगून गेलेत, मी वर असलो तरी हितलं चालू ठिवायचं.”

हनीफनं हे ऐकलं आणि तोंडाला रुमाल लावला. सुमनला वाटलं, चुलीचा धूर लागला. तिनं त्याची जागा बदलली आणि सगळ्यांपुढं पाण्याचे तांबे ठेवून ती आत पीठ मळायला गेली.

मी तेव्हा झोपेतून उठून पायऱ्या उतरत होतो. वरून बघतो तर आमच्या शेडपुढं पांढरे कपडे, मधे हार, सगळे गप्प. वाडीत कुणीतरी गेलं म्हणायचं. आणि लोक आपल्या दारात बसलेत, म्हणजे आपल्याच जवळचं कुणीतरी. मी झपाझप उतरलो. अशा वेळी घाईनं पुढं जाणं बरं दिसत नाही, म्हणून मागून गेलो, टोपी काढली, मान खाली घातली आणि शेवटच्या बाकड्यावर टेकलो. शेजारी पाठमोरा एक जण बसलेला. मी हळूच विचारलं, “कोण गेलं?”

तो मान वर न करता म्हणाला, “बबन.”

“कुठला बबन?”

“आपला. लोहगडवाडीचा.”

खरं सांगतो, मला क्षणभर खरंच वाईट वाटलं. आमच्या वाडीत आणखी एक बबन आहे, तरुण आहे, दोन लहान लेकरं. मी म्हणालो, “अरारा. कशानं?”

“स्वस्तातल्या दवाखान्यात गेला म्हणं. पयल्यापास्नं चिक्कट.”

तेवढं बोलून त्यानं वळून बघितलं. तो सोपान होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, हाराकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं आणि बाकड्यावरून मागच्या मागं खाली बसला.

मग सगळेच वळले. हनीफ उठला. केस पार पांढरे झाले होते त्याचे, पोट सुटलं होतं, पण उठण्याची तऱ्हा तीच, सायकलच्या दुकानाच्या पायरीवरून उठायचा तीच. माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला.

मी ओरडलो.

“मेला न्हाईस?”

“न्हाई.”

“मंग फोन का लागत न्हाई?”

“कंपनी बदलली.”

त्यानं मला मिठी मारली. रडत होता की शिव्या देत होता, मला कळेना. बहुतेक दोन्ही. तेवढ्यात सुमन पिठाच्या हातानं बाहेर आली आणि म्हणाली, “आलात का खाली? ही मंडळी कवाची बसलीत, जेवायचं काय सांगंनात.”

मग उलगडा झाला. सहाच्या सहा जण पोट धरून हसले. सुमन मात्र हसली नाही. ती हनीफला म्हणाली, “भाऊजी, मी मोबाइलचं सांगत हुते. दवाखान्याचं नाव तरी काढलं का म्या?”

जेवणं झाली. मेलेल्या माणसाच्या घरी आलेल्या त्या मंडळींनी त्या दिवशी जेवढ्या भाकरी खाल्ल्या, तेवढ्या पंधरा पोरांची टोळी खात नाही. हार सुमननं चुलीजवळच्या देवाला घातला. मग हनीफ म्हणाला, “चल, तू कुटं जाऊन बसतोस ती जागा तर दाव.”

आम्ही सातही जण गडावर गेलो, धापा टाकत, प्रत्येक वळणावर टेकत. तटाला पाठ लावून बसलो. खाली वाडीचे पत्रे, पलीकडं धरणाचं पाणी, लांब मळवलीकडची झाडी. बसतो न बसतो तोच माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला.

“हॅलो, मी सोनवणे गुरुजी बोलतोय.”

आमचे वर्गशिक्षक. आता पंच्याऐंशीच्या पुढं गेलेत, तळेगावला मुलाकडं असतात. त्यांना कुणीतरी बातमी कळवली होती आणि ते सुमनचं सांत्वन करायला माझ्याच नंबरवर फोन करत होते.

मी आदरानं उभा राहिलो. म्हणालो, “गुरुजी, मी बबन.”

“कोण?”

“बबन. लोहगडवाडीचा. वरनं बोलतोय.”

मग गुरुजींनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, “कसं आहे रे तिथं?”

मी म्हणालो, “वारा लय हाय, गुरुजी. बाकी निवांत.”

“एकटाच आहेस?”

“न्हाई, हनीफ हाय, सोपान हाय. आपल्या वर्गातले सहा जण आलेत.”

“अरे देवा,” गुरुजी म्हणाले, “सगळे एकदम कसे रे गेलात?”

हनीफनं माझ्या हातातून फोन घेतला आणि गुरुजींना नीट सगळं समजावून सांगितलं. त्यात दहा मिनिटं गेली. शेवटी गुरुजींनी आम्हा दोघांना उठाबशा काढायला सांगितल्या. फोनवर दिसत नव्हतं म्हणून वाचलो.

बाकीचे टाक्याकडं पाणी बघायला गेले. आम्ही दोघंच उरलो. हनीफ खालच्या पाण्याकडं बघत म्हणाला, “अम्मी गेली तवा तू आला न्हाईस.”

मी म्हणालो, “मला उशिरा कळलं. मी निघालो हुतो. मळवलीपत्तुर आलो, तितनं तुला एक रिंग दिली. तुजी उलट रिंग आली न्हाई. मंग पुढं यायचा धीर झाला न्हाई.”

तो म्हणाला, “ती रिंग मी बघितली हुती. मला वाटलं, तुझा चुकून लागला.”

एवढंच बोलला. मग त्यानं खिशातून मुलीच्या लग्नाची पत्रिका काढली. सकाळीच छापून आली होती म्हणे, पण असल्या वेळी द्यायची कशी म्हणून खिशातच राहिली होती. पत्रिका घामानं ओली झालेली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात गेलो. म्हणालो, मला माझी मोठी कंपनी परत द्या. तो म्हणाला, एकदा बदलल्यावर तीन महिने थांबावं लागतं. मग हनीफनंच मार्ग काढला. रोज दुपारी चारला मी गडावर जायचं, त्यानं दुकानातून फोन करायचा. तीन महिने एक दिवस चुकला नाही. लग्नाला मी चार दिवस आधी गेलो, तेवढेच दिवस काय ते फोन झाले नाहीत. नाहीतर रोज अर्धा तास, पाऊण तास. काय बोलायचो? काही नाही. मास्तरांच्या नकला, सायकलच्या दुकानातला पंप, त्याच्या अम्मीच्या हातचे शिरखुर्म्याचे वाडगे, माझ्या गुडघ्याचं दुखणं. अधूनमधून दोघंही गप्प बसायचो. फुकट होतं ना, मग गप्प बसायला काय जातं?

तीन महिने भरले. मी दोन्ही फोन परत मोठ्या कंपनीत आणले. रिचार्ज मारला, पैसे दोनदा मोजले, पण घरात पाऊल टाकलं तर सगळ्या कांड्या उभ्या. चुलीपाशी उभ्या, गोठ्यात उभ्या, न्हाणीत उभ्या. सुमन तर इतकी खूश झाली की तिनं आधी माहेरच्या सगळ्यांना फोन केले.

त्या दिवशी चारला हनीफचा फोन आला. मी बाकड्यावर बसून उचलला. समोर सुमन कांदा चिरत होती.

“काय करतोस?” हनीफनं विचारलं.

“बसलोय. तू?”

“मी पण.”

पुढं काही सुचेना. सुमनचा हात कांद्यावर होता, पण कान माझ्याकडं. मास्तरांची नक्कल करावी तर ही बघणार. गुडघ्याचं बोलावं तर ही तेल गरम करणार. दोन मिनिटांत फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी चार वाजत आले तशा मी चपला घातल्या.

“कुटं निघालात?” सुमननं विचारलं.

मी म्हणालो, “आज रेंज दिसंना हितं. जरा गडावर जाऊन येतो.”

“बघू,” असं म्हणून तिनं फोन माझ्या हातातून घेतला. आणि घेताक्षणी तो तिच्या हातातच वाजला, असा खणखणीत की शेजारची कोंबडी उडाली. तिनं उचलला, कानाला लावला आणि माझ्याकडं बघत बोलली,

“हां, हनीफभाऊजी. थांबा जरा. हे रेंज शोधाया निघालेत.”